आमची वाटचाल : 22 पत्रे आणि एक एक्स-रे

लॅब्राडोर कुत्र्यांच्या पैदाशीचे आमचे छोटे केनेल सुरू होऊन आता 19 वर्षे झाली. त्यातील बहुतेक वर्षे सुरळीत गेली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते चौथ्या वर्षाविषयी, कारण त्या वर्षी हा व्यवसाय बुडता बुडता राहिला.

आरंभी आमच्याकडे दोन माद्या, एक थर्मामीटर, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू आणि रंगीत लोकरीचे गुंडे एवढेच भांडवल होते. पिल्लू जन्मले की त्याच्या गळ्यात लोकरीचा सैल धागा बांधायचा, रोज ठरल्या वेळी त्याचे वजन करायचे आणि वहीत ‘पिवळा’, ‘निळा’ अशी नोंद करायची, ही पद्धत आजही तशीच आहे. जन्माचे वजन आठवडा-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवे, आणि एखाद्याचे घटले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. गाभण मादीचे तापमान 37.2 अंश सेल्सिअसखाली उतरले की ती बहुधा 24 तासांच्या आत विते, म्हणून शेवटच्या आठवड्यात आमचे थर्मामीटर कपाटात कधीच गेले नाही.

नर मात्र भागीदाराने आणला होता. रुंद छातीचा, काळाभोर, प्रदर्शनात बक्षिसे मिळवणारा. खुब्यांचा एक्स-रे दोन वर्षे पूर्ण झाल्यावर काढावा आणि मगच त्याचा उपयोग करावा, असा माझा आग्रह होता. पण भागीदाराच्या घाईपुढे मी नमले, ही चूक माझीही आहे. एक्स-रे निघाला तेव्हा तीन वेतांतली 22 पिल्ले विकली गेली होती. उजव्या खुब्याची वाटी उथळ होती आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात धड बसलाच नव्हता. कुत्रा लंगडत नव्हता, उड्या मारत होता, आणि भागीदाराचे म्हणणे एवढेच होते की, फिल्म कपाटात ठेवावी.

हा दोष पिल्लांत उतरू शकतो, म्हणून ते कळवणारी पत्रे मी 22 घरांना लिहिली. कोणी पैसे परत मागितले, कोणी पिल्लू परत आणून दिले. दोन्ही मी मुकाट्याने स्वीकारले. नर कागदोपत्री भागीदाराच्या नावावर असल्यामुळे तो घेऊन गेला, आणि मी नाकारलेला तोच कुत्रा बक्षिसांच्या छायाचित्रांसह जाहिरातीत झळकला. भागीदाराकडे मादी दर माजाला भरवली जात असे आणि पिल्ले पाचव्या आठवड्यात आईपासून तोडली जात. आमच्याच वेतांत दोष आहे, असे तो गिऱ्हाइकांना सांगत राहिला. हे मी विसरलेले नाही.

न विचारता एक सांगते. पीआरए म्हणजे हळूहळू दृष्टी हिरावणारा डोळ्यांचा आनुवंशिक रोग, त्याच्या एका प्रकारासाठी जनुकचाचणी आहे. त्यात नुसता वाहक निघालेला, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेला आणि स्वतः निरोगी राहणारा कुत्रा टाकून द्यावा लागत नाही, निर्दोष जोडीदार दिला की पिल्ले आंधळी होत नाहीत. खुब्याचे तसे नाही. तो दोष अनेक जनुकांतून उतरतो आणि आईबाप निर्दोष असूनही पिल्लात निघू शकतो, म्हणून आजा-आजी आणि भावंडे यांचेही एक्स-रे पाहावेत. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू देऊ नये, घेऊही नये. आणि कोणत्याही वयात ते परत घेण्याची अट विकणाऱ्याने लेखी द्यावी.

त्या 22 जणांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची मादी दहाव्या महिन्यातच मागून लचकू लागली होती. पत्र घेऊन त्या आल्या तेव्हा भरपाई मागायला आल्या असतील असे मला वाटले, पण त्यांनी पिशवीतून तिच्या खुब्यांची फिल्म काढली आणि म्हणाल्या, “ही तुमच्या फायलीत लावा, पुढची जोडी ठरवताना उपयोगी पडेल.” त्या मादीचे वजन त्यांनी जन्मभर आटोक्यात ठेवले आणि ती तेरा वर्षे जगली. आता त्यांच्याकडे आमचाच तिसरा कुत्रा आहे, आणि त्याचा एक्स-रे त्यांनी मी सांगण्यापूर्वीच काढून पाठवला.