शेती-जमिनीचे इंग्रजी शब्द: वहीत मापांचे पान सुरू

शेतीचे इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह मी एका वहीत लिहून ठेवतोय. त्यातल्या अवजारांच्या पानावर 'हॅरो' तेवढा राहिला होता, तो आता मिटला. कोशात त्याचा अर्थ सरळ 'कुळव' दिलेला असतो. पण विलायती हॅरोला दाते असतात आणि आपल्या कुळवाला आडवी लोखंडी फास. ती मातीच्या वरच्या थराखालून सपाट कापत जाते, तण मुळाशी तुटतं. म्हणून दख्खनच्या शेतीवर इंग्रजीत लिहिताना कुळवाला 'ब्लेड हॅरो' म्हणतात. वहीत दोन्ही वेगळे लिहिलेत, शेजारी विदर्भ-खानदेशातला 'वखर'ही.

मापांत मात्र मी पुरता रमलोय. 'फर्लांग' आपल्या आजोबांच्या बोलण्यातलाच. मूळ इंग्रजीत तो नांगराच्या एका तासाची, म्हणजे नांगराने पाडलेल्या एका चराची लांबी, ६६० फूट. 'चेन' म्हणजे मोजणीची साखळी, ६६ फुटांची, १०० कड्यांची. इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटर यांनी ती १६२० च्या सुमारास रूढ केली. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, तीही बरोबर एक चेन! फर्लांगभर लांब आणि चेनभर रुंद पट्टा घेतला की झाला एकर, ४३,५६० चौरस फूट.

आता आपला गुंठा पाहा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळिसाने गुणा, पुन्हा तेच ४३,५६०. गुंठ्याची बाजू म्हणजे अर्धी चेन. हे आकडे कागदावर मांडून बघाच, एकदा जुळले की पाठ करावे लागत नाहीत.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात. आर १०० चौरस मीटर, गुंठा साधारण १०१.१७. एक-दोन गुंठ्यांत काही कळत नाही, पण ४० आर धरून एकर म्हटलं तर जवळजवळ अर्धा गुंठा कमी भरतो. आजच्या भावात ती जागा थोडी नव्हे. शब्द शिकणाऱ्याने हा फरक वहीत ठळक लिहावाच.

'फॅलो'समोर 'पडीक' लिहू नका. पडीक म्हणजे वापरात नसलेली जमीन. फॅलो म्हणजे 'पड', कसायची जमीन काही काळ पिकाविना ठेवलेली. पीकपाहणीतली 'चालू पड' म्हणजे 'करंट फॅलो', फक्त त्या वर्षापुरती.

पुढचं पान खळ्याचं: मळणी, उफणणी, भूस. कोकणात भाताच्या झोडणीला लागणारे शब्द कुणाकडे असतील तर जरूर कळवा, माझी वही घाटावरचीच आहे.