मशीन मोजतं, मग तुम्ही करता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टेराहर्ट्झचं (मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधल्या लहरींचं) एवढं महागडं यंत्र, सॅम्पल ठेवलं की अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात लहर किती पट मंदावते तो आकडा, बाहेर यायला हवा, असंच बहुतेकांना वाटतं.

यंत्र अपवर्तनांक देत नाही. ते देतं एक पल्स, विद्युतक्षेत्राची जेमतेम पिकोसेकंदभराची (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाची) उसळी. एकदा वाट रिकामी ठेवून मोजायची, एकदा सॅम्पल ठेवून. मिलिमीटरभर जाड सिलिकॉनची चकती ठेवली की पल्स सुमारे 8 पिकोसेकंद उशिरा येते, आणि 30 टक्क्यांनी बुटकी होऊन. उशिरावरून अपवर्तनांक, बुटकेपणावरून शोषण. पण थांबा. शुद्ध सिलिकॉन टेराहर्ट्झ जवळजवळ शोषतच नाही! ते 30 टक्के चकतीच्या दोन्ही पृष्ठभागांवरच्या परावर्तनात गेलेले असतात. ते आधी वजा केले नाहीत, तर पारदर्शक वस्तू आपण शोषक म्हणून छापून मोकळे.

पावसाळ्यात हवेतली वाफ 0.557 टेराहर्ट्झला आपला ठसा उमटवते, म्हणून खोक्यात कोरडा नायट्रोजन सोडायचा. ते सोपं.

खरी डोकेदुखी जाडीची. उशीर ठरतो (अपवर्तनांक वजा 1) गुणिले जाडी यावरून, त्यातलं कोणाचं किती हे पल्स सांगत नाही. मिलिमीटरमागे 10 मायक्रॉन चुकले, की सिलिकॉनचा अपवर्तनांक 3.417 चा 3.44 होतो. म्हणजे ही पल्स घडवणाऱ्या फेम्टोसेकंद लेसरची सगळी ऐट शेवटी जाडी मोजायच्या हातातल्या मायक्रोमीटरवर अवलंबून!

त्यावर एक युक्ती आहे. मुख्य पल्सनंतर सुमारे 23 पिकोसेकंदांनी चकतीच्या आत आपटून आलेला प्रतिध्वनी येतो. तो स्पेक्ट्रममध्ये (पल्सच्या फ्रिक्वेन्सीनिहाय आलेखात) लाटा उठवतो, म्हणून बरेच जण डेटा प्रतिध्वनीच्या आधीच कापतात. मला ते पटत नाही. एक तर डेटा असा तोकडा केला की फ्रिक्वेन्सीतला बारकावा 40-45 गिगाहर्ट्झवर येऊन अडतो, त्याहून बारीक काही दिसत नाही. दुसरं म्हणजे, प्रतिध्वनी हिशेबात धरून वेगवेगळ्या जाड्या घालून पाहिल्या, तर चुकीच्या जाडीला अपवर्तनांकाच्या आलेखात लाटा उरतात आणि बरोबर जाडीला त्या सपाट होतात. नको असलेली गोष्टच जाडी सांगून जाते.

लॅक्टोजच्या पावडरीची दाबून केलेली पेलेट असेल तर मात्र हे जमत नाही, कारण प्रतिध्वनी फारच क्षीण असतो. तिथे मायक्रोमीटरनेच चार-पाच ठिकाणी जाडी घ्यायची आणि अपवर्तनांक दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहायचा.