चायनीजचा कोर्स, पण नक्की कोणासाठी?

नवीन सेमिस्टरसाठी चायनीज भाषेचा कोर्स परत पहिल्यापासून बांधतेय, म्हणून डोक्यात जे चाललंय ते टाकते इथे. आजवर पुस्तक आधी ठरायचं आणि मुलं नंतर यायची, हेच मुळात उलटं आहे.

आधी मी पहिल्या दिवशी विचारायचे, चायनीज का शिकायचंय? सगळे म्हणायचे करिअर. काय कळलं त्यातून, कप्पाळ! मग प्रश्न बदलला, वर्षभराने तुम्हाला चायनीजमधून नेमकं काय करता यायला हवंय? तेव्हा कुठे खरं बाहेर आलं, एकाला सप्लायरशी वीचॅट या चिनी चॅट अ‍ॅपवर बोलायचंय, कुणाला एचएसके, म्हणजे चायनीजच्या परीक्षेची, चौथी लेव्हल देऊन स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, एकीला फक्त इतिहासाचं वाचायचंय, आणि एक जण घरात चायनीज ऐकतच वाढलेला, बोलतो फाडफाड पण वाचायला दिलं की गप्प. त्याला ‘नी हाओ’पासून बसवणं म्हणजे छळच ना.

आणि वेळ किती? अमेरिकेत डिप्लोमॅट्सना भाषा शिकवणारी सरकारी संस्था चायनीजसाठी सुमारे २,२०० तास धरते, आम्हाला मिळतात आठवड्याला चार. म्हणजे काहीतरी सोडावंच लागणार.

मी हाताने लिहिणं कमी केलं, त्यावरून सिनियर लोक जाम चिडलेत. पण फोनवर पिनयिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांत चायनीज उच्चार, टाइप केलं की अक्षरं समोर येतात, त्यातलं बरोबर ओळखायचं, बास. एचएसकेसुद्धा कॉम्प्युटरवर दिली तर टाइप करून चालतं. पूर्ण बंद नाही केलं हं, शंभरेक अक्षरं स्ट्रोकच्या क्रमासकट लिहून घेतेच, कारण नदी, तळं, समुद्र या सगळ्यांच्या डावीकडे पाण्याचे तेच तीन थेंब असतात हे हाताला कळलं की पुढचं वाचणं सोपं जातं.

टोनमध्ये, म्हणजे शब्द म्हणतानाच्या आवाजाच्या चढउतारात, मात्र कुणालाच सूट नाही. ‘माय’ तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे विकत घेणं आणि चौथ्यात म्हणजे विकणं, सप्लायरवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा सरळ बसला.

आता घोडं अडलंय परीक्षेवर. चौघांच्या गरजा चार, आणि डिपार्टमेंटच्या नियमाप्रमाणे पेपर एकच काढायचा. निदान निम्मे मार्क तरी ज्याच्या त्याच्या प्रोजेक्टला द्या असं लिहून दिलंय, बघू काय म्हणतात.