टाकळा की तरोटा?

लग्न होऊन ठाण्यात आले, त्या पहिल्या जुलैची गोष्ट. मंडईच्या तोंडाशी येऊरकडच्या बायका गोणपाटावर रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. सासूबाईंनी एका वाट्याकडे बोट दाखवलं, "टाकळा आलाय, घेऊ या." मी वाकून पाहिलं. "आई, हा तर आमचा तरोटा!"

वरोऱ्याला तो घरामागच्या उकिरड्यावर उगवतो. आम्ही लसूण-मिरचीवर परततो. इथे त्यात फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. (आठळ्या छान लागतात, हे माहेरी अजून कबूल केलेलं नाही.)

एकाच झाडाची दोन नावं आली म्हटल्यावर मी स्वतःला जाणकार समजू लागले. पुढच्या ऑगस्टात येऊरच्या रस्त्याकडेला तशीच पिवळी फुलं दिसली आणि मी पिशवीभर कोवळे शेंडे खुडून आणले. सासूबाईंनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हा कासविंदा. ह्याची नाही करत आपण भाजी."

मग अंगणातला टाकळा उपटून आणून त्यांनी दोन्ही वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. टाकळ्याच्या देठावर पानांच्या तीनच जोड्या, पान टोकाशी रुंद नि गोल, देठाकडे निमुळतं. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, आणि प्रत्येक पानाला टोक काढलेलं. टाकळ्याची शेंग बारीक, विळ्यासारखी वाकलेली, कासविंद्याची चपटी. इतकं ढळढळीत वेगळं, आणि मी फक्त फुलाचा रंग पाहून आले होते!

शास्त्रीय नावं नंतर शोधली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली दोघांनाही 'कॅसिया' ह्या प्रजातीत घातलं होतं. आता दोघंही 'सेन्ना'. कासविंदा 'ऑक्सिडेंटॅलिस', म्हणजे पश्चिमेकडचा. मूळचा अमेरिकेतलाच तो. टाकळा मात्र 'सेन्ना टोरा'. टोरा, तरोटा... नातं असेल-नसेल, पण माझ्या कानाला ते माहेरचंच वाटलं आणि एका दमात पाठ झालं.

परवा आईचा फोन आला तेव्हा मी भाजीच निवडत होते. काय निवडतेस, विचारलं. तरोटा, म्हटलं, 20 रुपयांना एक वाटा. पलीकडे क्षणभर शांतता.

"उकिरड्यावरच्या तरोट्याले 20 रुपये?"