बफेलोत वीस मिनिटं

आमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या बफेलो गावाला तीन शब्द मिळाले आहेत: 'वाटेत छोटा थांबा'. आम्ही टूर मॅनेजर आपसात त्याला शू-स्टॉपच म्हणतो. माउंट रशमोर बघून यलोस्टोनला निघालेली बस इथे पेट्रोल पंपावर वीस मिनिटं थांबते, लोक वॉशरूमला जाऊन येतात, चुंबकवाली म्हैस विकत घेतात, की निघाली बस. नऊ सीझनमध्ये मी तिथे किमान तीस वेळा उतरले असेन. गाव एकदाही पाहिलं नव्हतं.

माझं माइकवरचं भाषण मात्र तयार होतं. गिलेट सोडल्यावर बफेलोपर्यंत सत्तर मैल नुसतं गवत आणि मधूनच हरणं. जेवणं झालेली असतात, बस पेंगायला लागते, आणि पेंगलेली बस पुढच्या थांब्यावर चिडचिड करते. म्हणून बोलायचं. 'क्रेझी वूमन क्रीक' ही पाटी आली की नवरा-बायकोवरचा एक विनोद, सीनियरने शिकवलेला, हमखास हशा. बाई असून मी तो नऊ वर्षं सांगितला. त्यानंतर बफेलोचा जिल्हा, जॉन्सन काउंटी: "मंडळी, हा गुरेचोरांचा मुलुख! चोरांनी इतका उच्छाद मांडला की शेवटी मोठमोठ्या रँचवाल्यांनी फौज आणून त्यांचा बंदोबस्त केला." आठ मिनिटं, दोन हशे, आणि बफेलो.

गेल्या जूनमध्ये हेच भाषण संपवून मी माइक ठेवला, तर ड्रायव्हरने खुणेने पुढे बोलावलं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला होता. अल्टरनेटर गेला होता. पुढे बिगहॉर्नचा घाट, खिंडीची उंची 9,666 फूट, संध्याकाळचे सात वाजलेले. तो म्हणाला, हेडलाइट जातील त्या जागी वळण असेल, मी नेणार नाही. मी ऑफिसला फोन लावला. तिथे पहाट होती. झोपेतला आवाज म्हणाला, "मॅडम, त्याला जरा समजावा ना, हळूहळू घ्या म्हणावं." घाट म्हणजे खंडाळा, असं समजणाऱ्या माणसांनी ही पत्रिका आखलेली आहे. त्या संध्याकाळी बसमध्ये एकच शहाणा माणूस होता आणि तो नेब्रास्काचा होता.

बाहेरच्याला कल्पना येणार नाही अशी एक गोष्ट सांगते. टूरवरचं रात्रीचं जेवण तुम्ही असता तिथे शिजत नाही. आमची चव्वेचाळीस ताटं पावणेदोनशे मैलांवर कोडी गावात तयार होती. बटाट्याची रस्सा भाजी, पोळ्या, श्रीखंड. ते सगळं तिथेच राहिलं आणि बिल मात्र आलं. इकडे मी तीन मोटेलांत मिळून बावीस खोल्या जमवल्या, रूमिंग लिस्ट नव्याने मांडली (गुडघेवाले तळमजल्यावर, घोरणारे टोकाला), आणि इमर्जन्सी बॅगेतली उपम्याची पाकिटं, ठेपले आणि लोणचं यांवर रात्र काढली. बिलिंग्सहून दुसरी बस येणार होती, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला.

म्हणजे सकाळी नऊ ते चार, बेचाळीस पॅक्स (म्हणजे प्रवासी), वाहन नाही, कार्यक्रम नाही. टूर मॅनेजरला याहून वाईट स्वप्न पडत नाही. पैसे भरलेला माणूस रिकामा बसला की हिशेब करायला लागतो.

चालत जाण्यासारखं काय आहे ते मोटेलच्या काउंटरवर विचारलं. 'ऑक्सिडेंटल हॉटेल', आणि त्याच्या जवळच जिम गॅचेल म्युझियम. दोन्ही दहा-बारा मिनिटांवर.

हॉटेल 1880 सालचं. सुरुवात तंबूतून झाली म्हणे. आज उभी आहे ती वीट-बांधणीची इमारत नंतरची, पण सलूनच्या छतात गोळ्यांची भोकं आहेत आणि ती दाखवायची गावाला हौस आहे. आमच्या लोकांनी माना वर करून भोकं मोजली, आकडा कुणाचाच जुळला नाही, आणि बारच्या उंच स्टुलांवर चढून फोटो काढले. साठीच्या सहा बायका ओळीने, हातात लिंबू सरबत. शेजारून क्लिअर क्रीक खळाळत जातो. अर्धा तास छान गेला. इथवर माझ्या भाषणाला काही धक्का नव्हता.

म्युझियम हा एका औषधवाल्याचा संग्रह. जिम गॅचेलने 1900 साली बफेलोत औषधांचं दुकान काढलं. त्याला लाकोटा भाषा यायची. लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकन जमातींचे लोक त्याच्याकडे यायचे आणि विश्वासाने आपल्या वस्तू त्याला देऊन जायचे. तो वारल्यावर ते सगळं काउंटीला मिळालं आणि 1957 मध्ये म्युझियम उघडलं. आत एका मोठ्या काचेखाली टीए रँचच्या वेढ्याचा देखावा मांडलाय: नखाएवढे घोडे, बोटभर माणसं, लाकडी कोठार. मी पुढे झाले आणि सवयीने सुरू केलं, "तर मंडळी, हे गुरेचोर…"

मिरजेचे काका माझ्या शेजारी उभे होते. महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त. न्यू जर्सीच्या मुलाने तिकीट काढून दिलेलं. आठ दिवसांत फारसे बोलले नव्हते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ताई, चोर कोणी ठरवलं?"

मी म्हटलं, रँचवाल्यांनी.

"नाही, कोणत्या कागदावर?"

मला उत्तर येत नव्हतं. पाटी भिंतीवर होती. मी ती ओळ न् ओळ वाचून त्यांना मराठीत सांगत गेले, आणि माझं आठ मिनिटांचं भाषण त्या भिंतीसमोर उभं राहूनच मोडलं.

मोकळं सरकारी कुरण, त्यावर सगळ्यांची गुरं एकत्र. कुणाचं जनावर कोणतं हे फक्त तापल्या सळईने अंगावर दिलेल्या डागावरून कळायचं. वसंतात सगळी गुरं हाकून एकत्र आणायची आणि गाय ज्याची तिच्या वासराला त्याचा डाग द्यायचा, हीच मोजणी. आईपासून तुटलेलं, डाग नसलेलं वासरू म्हणजे 'मॅव्हरिक'. पूर्वी ते सापडेल त्याचं. 1884 मध्ये कायदा झाला: असं वासरू पशुपालकांच्या संघटनेच्या ताब्यात, आणि लिलाव तिच्याच देखरेखीखाली. संघटना कोणाची? बड्या कंपन्यांची, ज्यांचे कित्येक मालक पूर्वेकडे नाहीतर इंग्लंड-स्कॉटलंडात बसलेले. ज्या गुराख्याने स्वतःच्या चार गाई घेतल्या, त्याचं नाव काळ्या यादीत. त्याला नोकरी नाही, कुरणावरच्या मोजणीत जागा नाही. 1886-87 च्या हिवाळ्यात थंडीने गुरं खलास झाली, कंपन्यांचे हिशेब बुडाले आणि तुटीचं खापर या लहान लोकांवर फुटलं.

काकांनी नुसती मान हलवली. "फेरफार ज्याच्या हातात, जमीन त्याची," म्हणाले. "पुढे?"

पुढे 1892. लहान रँचवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली आणि मोठ्यांच्या आधी, 1 मेला, आपली मोजणी करायचं जाहीर केलं. तिचा एक म्होरक्या नेट चँपियन. 5 एप्रिलला शायेन शहरातून मोठ्या रँचवाल्यांची खास आगगाडी सुटली. पन्नासएक माणसं, त्यांतली जवळपास निम्मी टेक्सासहून आणलेले बंदूकवाले. रोज पाच डॉलर आणि प्रत्येक मेलेल्या 'चोरा'मागे पन्नास. सोबत मारायच्या माणसांची यादी. बफेलोला सुगावा लागू नये म्हणून टेलिग्राफच्या तारा कापल्या. 9 एप्रिलला त्यांनी केसी रँचवरच्या खोपटाला वेढा घातला. आत चँपियन आणि त्याचा जोडीदार निक रे. निक सकाळीच पडला. चँपियन दिवसभर एकटा लढत होता आणि मधे मधे खिशातल्या वहीत पेन्सिलीने लिहीत होता.

त्या वहीतली वाक्यं तिथे लावलेली आहेत. मूळ वही गहाळ झाली, पण हल्लेखोरांबरोबर आलेल्या वार्ताहराने मजकूर छापला म्हणून तो उरला. मी मोठ्याने वाचलं: "पहिली गोळी सुटून दोन तास झाले. निक अजून जिवंत आहे." आणि मग: "पोरांनो, आत्ता फार एकटं वाटतंय. कुणीतरी सोबत असतं तर चारी बाजूंवर नजर ठेवता आली असती." माझ्या मागे कुणीतरी संत्रं सोलत होतं, म्युझियममध्ये खायचं नाही हे मी दोनदा सांगितलं होतं. सोलायचं थांबलं.

शेवटी त्यांनी पेटती गाडी खोपटाला भिडवली, चँपियन धुरातून बाहेर धावला आणि पडला. छातीवर चिठ्ठी लावली: गुरेचोरांनो, सावध. माझ्या भाषणातलाच शब्द.

तोवर बातमी बफेलोत पोचली होती. दोनशेहून जास्त माणसं निघाली, शेरीफ रेड अँगस पुढे, आणि रँचवाल्यांची ती सगळी फौज त्यांनी टीए रँचवर कोंडली. काचेखालचा देखावा त्याचा. मी घोडे बघत होते, तर काकांनी बोट ठेवलं ते चाकांवरच्या ओंडक्यांच्या भिंतीवर. गावकऱ्यांनी फौजेच्याच सामानाच्या गाड्या पकडल्या, त्या जोडून ही चालती भिंत केली आणि त्यांच्याच गाडीत सापडलेला डायनामाइट घेऊन पुढे सरकत होते. तेवढ्यात, 13 एप्रिलला, घोडदळ आलं. गव्हर्नरची तार गेली होती, वायोमिंगच्या सिनेटरांनी रातोरात राष्ट्राध्यक्ष हॅरिसनना गाठलं होतं. घोडदळाने वेढा उठवला. वेढ्यातल्यांना वाचवायला.

"आणि खटला?" काकांनी विचारलं. त्यांना उत्तर आधीच माहीत असावं असा आवाज.

केसी रँचवरचे दोन साक्षीदार राज्याबाहेर नेऊन दडवले गेले. त्यांना त्यासाठी दिलेले चेक वटले नाहीत. टेक्सासवाले जामिनावर सुटून गेले ते गेले. आरोपींना पोसायचा आणि खटला चालवायचा खर्च जॉन्सन काउंटीच्या गळ्यात आणि तिजोरीत खडखडाट. जानेवारी 1893 मध्ये खटला काढून घेतला.

काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "चौतीस वर्षं नोकरी केली," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या कपाटाकडे गेले. त्यात तापवून डाग द्यायच्या लोखंडी सळया होत्या. एक नुसती वाकडी सळई, टोकाला अक्षर नाही. तिने कुठलाही डाग काढता येतो, जुन्याचं नवं करता येतं. त्यांनी तिचा फोटो काढला. अख्ख्या दौऱ्यात मी त्यांना काढताना पाहिलेला तेवढा एकच फोटो.

बस चारला आली. रात्री साडेआठला कोडी. दुसऱ्या दिवशी यलोस्टोनचा कॅनियन कापावा लागला, ओल्ड फेथफुल धावतपळत. एका दाम्पत्याने लेखी तक्रार केली: 'आम्ही गुरांचं म्युझियम बघायला अमेरिकेला आलो नव्हतो.' त्यांचं चूक म्हणणार नाही. त्यांनी कॅनियनचे पैसे भरले होते. ऑफिसने माझा खुलासा मागवला. त्यात 'पर्यायी व्यवस्था' या रकान्यात मी म्युझियम लिहिलं, तर तिकिटांचं बिल मंजूर होत नाही असं कळवलं, कारण ते पत्रिकेत नाही.

मला छळतं ते वेगळंच आहे. तीसेक फेऱ्या, दर बसला चाळीस. हजारभर माणसांना मी मारेकऱ्यांची चिठ्ठी इतिहास म्हणून वाचून दाखवली, आणि लोक हसले. जॉन्सन काउंटी म्हणजे सातारा जिल्ह्याएवढा मुलुख, 2020 च्या जनगणनेत 8,447 माणसं. त्यांच्या गावात तीसदा थांबून मी एकदाही रस्ता ओलांडला नाही.

जुलैच्या बॅचला मी नवं भाषण केलं. क्रेझी वूमनचा विनोद गाळला. पंचवीस मिनिटं लागली. अर्धी बस झोपली, मागे कुणीतरी अंताक्षरी सुरू करू का विचारलं. चेक वटले नाहीत आणि तिजोरी रिकामी म्हणून खटला काढून घेतला, इथे मात्र जागी असलेली अर्धी बस खो खो हसली. मी ते हसण्यासाठी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी ते वाक्य ठेवायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये.

मग बफेलो आलं. वीस मिनिटं, वॉशरूम दुकानाच्या मागच्या बाजूला.