सात वाट्यांची वडी आणि वजनकाटा

सात कप वडी ज्या कुणी पहिल्यांदा केली, त्या बाईला पाककृती लिहायचा कंटाळा असणार. बेसन, ओलं खोबरं, दूध, तूप एकेक वाटी आणि साखर तीन वाट्या. सगळं एकत्र करायचं, कडेने सुटेपर्यंत हलवायचं, थापायचं. वाटी कुठलीही घ्या, अगदी देवघरातली नैवेद्याची घ्या, प्रमाण बिघडत नाही.

पण माझी भाची जर्मनीत राहते. तिथे पाककृती ग्रॅममध्येच छापतात आणि काटा ओट्यावरच असतो.

"मावशी, वाटी म्हणजे किती ग्रॅम?"

"कशाची वाटी?"

"कशाची म्हणजे? वाटीची!"

घोळ इथेच आहे. २४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, पातळ केलेलं तूप २२०, दूध पावणेअडीचशेच्या आसपास. चाळलेलं बेसन मात्र जेमतेम शंभर, आणि हलक्या हाताने भरलेलं खोबरं त्याहूनही कमी. सात कपांची बेरीज केली तर सव्वा किलोच्या घरात जाते. त्यात साखर ६०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मी. बेसन बारावा हिस्सा! इतकी वर्षं आम्ही तिला बेसनाची वडी म्हणून खातोय. (डॉक्टरांनी गोड बंद केलेल्यांनी हे आकडे वाचले नाहीत असं समजावं.) भाचीने 'एकास तीन' हे प्रमाण तसंच काट्यावर चढवलं असतं, तर शंभर ग्रॅम बेसनाला साखर निम्मीच पडली असती आणि तूप निम्म्याहूनही कमी.

बरं, एका जिन्नसाचा आकडाही जागेवर राहील तर शपथ. मैदा चमच्याने अलगद भरला तर कपात १२० ग्रॅम मावतो, कप डब्यात खुपसून काढला तर १४० च्या पुढे जातो. केक दगडासारखा झाला की लोक ओव्हनला नावं ठेवतात, भरणाऱ्या हाताचा संशय कुणालाच येत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला: कप भरा आणि वरून सुरी फिरवा. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर चिक्कू ठरलं असतं. मापट्यावर शीग हवीच! धान्य घालताना काठावर डोंगर उभा राहून दोन दाणे खाली सांडले, की माप पुरं. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी काही गावांत अजून ज्वारी पायलीनेच मोजतात, आणि तीही शिगेसकट.

माझं म्हणाल तर मैदा आणि बेसन काट्यावर, भात वाटीने. मोदकाची उकडही वाटीनेच. पिठी आणि पाणी वाटीला वाटी. वजनाने तेच पाणी पिठीच्या दीडपट भरतं, आणि ते कागदावर वाचलं की नवशिक्या मुलीचा हात आखडतो. थिजलेलं तूप मात्र वाटीने मोजू नये, मध्ये पोकळ्या राहतात. गुळाचंही तसंच. किसलेला, चिरलेला, दाबून भरलेला, प्रत्येकाचं वजन वेगळं.

भाची आता हुशार झालीय. माझ्याकडून वाटीचं माप घेते, एकदा भरून काट्यावर ठेवते, आकडा लिहून ठेवते. परवा तिला डिंकाचे लाडू हवे होते, तेव्हा मी सरळ फोन आईच्या हातात दिला. आईचं माप मुठीचं.

"आजी, मूठभर डिंक म्हणजे किती ग्रॅम गं?"

आई म्हणाली, "आधी हे सांग, तळायच्या आधीची मूठ की तळून फुलल्यावरची?"