फुकटचं सॉफ्टवेअर आणि तारेचा हिशोब

स्प्रिंगा बनवायला लागलो तेव्हा आम्ही तिघंच होतो आणि सगळा हिशोब एका वहीत मावायचा. ऑर्डरी वाढल्या तशा एक्सेलच्या फायली आल्या. खरेदीची एकाकडे, विक्रीची दुसऱ्याकडे, आणि साठा स्टोअरच्या काकांच्या डोक्यात. एका गिऱ्हाइकाला एकच माल दोनदा गेला, तेव्हा ईआरपी, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशोब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचंच असं ठरलं.

ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळण्याचं कारण साधं होतं. माणसामागे लायसन्सचे पैसे भरायची आमची तयारी नव्हती. शोधताना ओडू, ईआरपीनेक्स्ट, डोलिबार ही नावं पुढे आली. तेव्हा कळलं की 'खुलं' सगळीकडे सारखंच खुलं नसतं. ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे ते कुणीही वापरावं, बदलावं. ओडूची कम्युनिटी आवृत्ती खुली आहे, पण संपूर्ण अकाउंटिंग हवं तर पैशाची एंटरप्राइझ आवृत्ती घ्यावी लागते. शिवाय ओडूची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि अधिकृत देखभाल शेवटच्या तीनचीच होते. म्हणजे एकदा बसवलं की विसरून जा, असं काही नाही. आम्ही शेवटी काय घेतलं ते लिहीत नाही, कारण पुढचे घोळ बहुतेक आमचेच आहेत.

पहिली ठेच लागली मालाच्या यादीत. २ मिलिमीटरची एकच तार आमच्याकडे चार नावांनी नांदत होती. खरेदीवाला तिला पुरवठादाराच्या कोडने ओळखायचा, मशीनवरची पोरं 'दोनची' म्हणायची. यादी साफ करायला आठवडा पुरेल असं मी सांगून बसलो होतो. लागले अडीच महिने, आणि त्यातला निम्मा वेळ भांडणात गेला.

पण खरी गंमत केली १ मिलिमीटरच्या तारेने. तार आम्ही किलोवर घेतो, स्प्रिंगा नगावर विकतो. या तारेचं वजन मीटरला साधारण ६.१७ ग्रॅम. आमच्या एका छोट्या स्प्रिंगला २० सेंटिमीटर तार लागते, म्हणजे १.२३ ग्रॅम, किलोत ०.००१२३. आमची सिस्टिम दशांशानंतर तीनच आकडे ठेवत होती, त्यामुळे तिने ०.००१ धरलं आणि पुढचं सोडून दिलं. दहा हजारांच्या लॉटला खरी तार जायची सुमारे १२.३ किलो, पण साठ्यातून वजा व्हायची १०. दर लॉटला दोन-सव्वादोन किलो तार नुसती कागदावर उरत होती. वीसेक लॉट असे गेले. मग एक दिवस काका केबिनमध्ये आले. "साहेब, तुमचं कॉम्प्युटर म्हणतंय पन्नास किलो तार आहे. मला एकच कॉइल दिसतेय, तीही अर्धी. बाकीची कुठे ठेवलीत ते सांगा, मी उचलून आणतो."

आधी मी चोरीचा संशय घेतला, हे लिहायला लाज वाटते. दोन दिवसांनी कारण सापडलं. तारेचं एकक ग्रॅम करू म्हटलं, तर सिस्टिम ऐकेना, कारण त्या मालावर आधीच व्यवहार झालेले होते. शेवटी ग्रॅमच्या एककाचा नवीन आयटम उघडला, प्रत्यक्ष वजन करून साठा तिकडे चढवला आणि जुना बंद केला.

दुसरा घोळ प्रोग्रामरचा, म्हणजे त्याला घाई लावणाऱ्या माझा. मालासोबत जाणारं डिलिव्हरी चलन आम्हाला हवं तसं छापायचं होतं, म्हणून त्याने मूळ कोडमध्येच हात घातला. सोर्स हाताशी असला की हा मोह होतोच. पुढचं अपडेट घेतलं आणि आमचं चलन गायब. आता एकही ओळ मूळ कोडमध्ये जात नाही, जे आमचं ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतं. आणि अपडेट आधी सर्व्हरच्या नकलेवर चालवून बघतो.

बॅकअपचंही सांगतो. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर जायचा, त्यामुळे मी निर्धास्त होतो. डिस्क गेली तेव्हा डेटाबेस तासाभरात उभा राहिला, पण जोडलेलं एकही ड्रॉइंग उघडेना. जोडलेल्या फायली डेटाबेसमध्ये नसतात, डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, हे तेव्हा समजलं. गिऱ्हाइकांना मेल करून ड्रॉइंगं परत मागवली. एकाने विचारलं, "आमचं काम दुसऱ्याला तर देत नाही ना?"

माणसांबद्दल फार लिहीत नाही. पोरं महिन्याभरात शिकली. काकांनी मात्र स्क्रीन शिकूनही वही सोडली नाही, आणि मीही सोडायला लावली नाही. लायसन्सचे पैसे वाचले हे खरं, पण प्रोग्रामर, सर्व्हर आणि आमचे स्वतःचे तास धरले तर पहिल्या वर्षी हातात काहीच उरलं नाही. दुसऱ्या वर्षापासून बरं आहे.

गेल्या महिन्यात साठ्याची मोजणी केली. एका आयटमला सिस्टिम आणि वही यांत चाळीस नगांचा फरक निघाला. गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाची नोंद करायची राहून गेली होती. रॅकवर मोजले, तर आकडा वहीतलाच निघाला. काका काही बोलले नाहीत, फक्त पेनाचं टोपण लावलं.